फाटक उघडते कोण?

खरा शेतकरी आणि शनिवार-रविवारचा शेतकरी यांतला फरक ओळखायला सातबारा मागवावा लागत नाही. नुसते फाटकाशी उभे राहावे. खरा शेतकरी फाटक स्वतः उघडतो, गुरे आत घालतो आणि मागे वळून फाटक स्वतःच लावतो. दुसरा हॉर्न वाजवतो.

आम्ही या दुसऱ्या वर्गातले. दापोलीजवळ आजोबांच्या वेळचे घर आहे, खाली नारळी-पोफळीचे आगर आणि वरच्या अंगाला कलमांची बाग. राहतो पुण्याला. सवड मिळाली की मोटरीत माणसे आणि डबे भरून निघायचे, घाटात एकाला मळमळायचे, दुसऱ्याला भूक लागायची, आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास फाटकाशी पोचायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. मोटरीतून उतरून फाटक उघडण्याचा मान प्रत्येक कुटुंबात एकाचा ठरलेला असतो. जावयाला सांगता येत नाही, सुनेला सांगणे बरे दिसत नाही, म्हणून तो मान बहुधा सगळ्यांत धाकट्या पुतण्याकडे जातो. आमचा पुतण्या आषाढातल्या पावसात असा काही झोपेचे सोंग घेतो की नाटकवाल्यांनी त्याला उचलून न्यावे! मग हॉर्न वाजतो आणि वरून बॅटरीचा उजेड हलत हलत खाली येऊ लागतो. ते आमचे आबा.

आबा आमच्या घराची राखण करतात. वय चौऱ्याहत्तर. घरापासून फाटक दीडशे-पावणेदोनशे पावलांवर, आणि वाट सगळी उताराची. गुडघे कुरकुरत असतात, पण आबा कुरकुरत नाहीत. गेल्या वर्षी जुलैत असेच आम्ही खाली हॉर्न वाजवीत उभे, आणि आबांचा उजेड वाटेच्या मध्यावर येऊन थांबला तो थांबलाच. पाच मिनिटांनी खाली आले आणि म्हणाले, “फुरसे होते. जाईपर्यंत थांबलो.” जणू कोणी ओळखीचे गृहस्थ भेटले होते! रत्नागिरी जिल्ह्यात ज्याचा जन्म गेला आहे त्याला फुरशाचे कौतुक सांगायला नको. वीतभर-हातभर लांबीचे जनावर, पण चावले तर माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नसतो. त्या रात्री सौ.ने जेवणाच्या पानावरच निकाल दिला : “एक तर ते फाटक आपोआप उघडायला हवे, नाही तर मी रात्रीची येणार नाही.”

फाटकच काढून टाकावे म्हणाल, तर तेही जमत नाही. रात्री रानडुकरे आगरात शिरली की सुरण आणि केळीचे सोने होते, सोडलेली गुरे नवी कलमे खुडून खातात, आणि वैशाखात आंब्यांवर दोन पायांच्या प्राण्यांचाही लोभ असतो. (माकडांना फाटकाचे सोयरसुतक नाही. ती वरच्या वर येतात.) आजोबांच्या काळी इथे बेडे होते. ज्यांनी कोकण फक्त समुद्राकाठच्या हॉटेलातून पाहिले आहे त्यांच्यासाठी सांगतो : दोन खांबांना समोरासमोर भोके आणि त्यांतून घातलेले आडवे बांबू, म्हणजे बेडे. आत जायचे तर दोन बांबू सरकवायचे, वाकायचे, आणि पुन्हा लावायचे. त्याला ना बिजागरी ना कडी. मोटर आली तसे बेडे गेले आणि लोखंडी फाटक आले.

स्वतः उघडणाऱ्या दाराचे वेड काही आजचे नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या पंडिताने पहिल्या शतकातच युक्ती लिहून ठेवली आहे : वेदीवर अग्नी पेटवायचा, त्याने खालची हवा तापून फुगते, ती पाणी ढकलते, पाण्याने भरलेले भांडे जड होऊन खाली जाते, त्याला बांधलेले दोर ओढले जातात आणि देवळाची दारे उघडतात. अग्नी विझला की दारे मिटतात. आमच्याकडे अग्नीची जागा विजेने घेतली एवढेच. आणि कोकणातली वीज ही त्या वेदीवरच्या अग्नीपेक्षा जास्त भरवशाची आहे असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

प्रथम पुण्याहून एक टाय लावलेले गृहस्थ आले. त्यांनी सात फूट उंचीचे, पत्र्याने संपूर्ण मढवलेले फाटक सुचवले. “आतले काही दिसणार नाही, साहेब.” दिसणार नाही हे खरे, पण तेवढा पत्रा म्हणजे गलबताचे शीड झाले. समुद्रावरचा पावसाळी वारा त्यावर थापा मारू लागला की मोटरीने फाटक ढकलायचे की वारा ढकलायचा? शिवाय त्यांच्या अंदाजपत्रकात शेवटच्या आकड्याला इतकी शून्ये होती की मी चष्मा पुसून पुन्हा मोजली. त्यांना चहा देऊन निरोप दिला.

मग चिपळूणचे एक मिस्त्री आले. त्यांनी खिशातून माहितीपत्रक काढले नाही. सरळ फाटकापाशी गेले, कडी काढली आणि एका बोटाने ढकलून पाहिले. फाटक करकरले, पण हलले नाही. “याला मोटर लावली तर मोटर वर्षात मरेल,” मिस्त्री म्हणाले. “बोटाने हलते त्याच फाटकाला मोटर लावावी. मोटर फाटक उघडायला असते, फाटकाचे दुखणे ओढायला नसते.” हे वाक्य मी डायरीत टिपून ठेवले आहे. कर्जतला, मुळशीला किंवा वाईला ज्यांनी हौसेने तुकडा घेतला आहे आणि आता असले फाटक बसवायचा विचार करताहेत, त्यांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण एवढे ठेवावे. खांब ओळंब्यात आहेत का, पाया खचला आहे का, बिजागरीला तेल आहे का, हे आधी बघायचे. मोटरीची निवड त्यानंतर.

आमची वाट फाटकापासून आत चढत जाते. दोन झडपांचे फाटक आत उघडले तर खालची कड जमिनीला घासणार, बाहेर उघडले तर पाणंदीने जाणाऱ्याच्या कपाळाला लागणार. तेव्हा बाजूला सरकणारे फाटक करायचे ठरले. त्याला बारा फुटांची वाट मोकळी करायची तर बाजूला बारा फुटांहून थोडी जास्तच सरळ जागा लागते. ती आमच्या गडग्यालगत सुदैवाने निघाली. खाली सिमेंटच्या पायावर रूळ, फाटकाला चाके, कडेला दात्यांची लांब पट्टी आणि त्या दात्यांत फिरणारे मोटरीचे दातेरी चाक, अशी एकूण रचना. रुळात आंब्याची पाने आणि चिखल साचला की चाक अडते, म्हणून पाण्याला जायला मिस्त्रींनी रुळाखालून वाटा ठेवल्या. दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे पाण्याला वाट विचारून ठेवलेली बरी, नाही तर ते आपली काढते. फाटक जुन्या जागेपासून एक मोटर उभी राहील इतके आत घेतले, म्हणजे ते सरकेपर्यंत आपली गाडी पाणंदीत आडवी पडत नाही.

विजेचा प्रश्न घोळत घोळत सुटला. पुतण्याचे मत सूर्यशक्तीचे. तो मासिके वाचतो. मिस्त्रींनी त्याला फाटकाशी उभे करून वर बघायला सांगितले. वर फणस, त्याच्यावर आंबा, आणि त्याच्यावर जून ते सप्टेंबर ढग! मोटर हलते तेव्हा तिला लागणारी वीज थोडा वेळ लागते. पण रिमोटच्या हाकेसाठी कान देऊन बसलेला तिचा भाग दिवसरात्र थोडी थोडी वीज खातच असतो, आणि ढगाळ आठवड्यात बॅटरी रिकामी होते ती त्याच्यामुळे. शेवटी घरातून जमिनीखाली नळीतून तार आणली, फाटकापाशी चार्जर बसवला आणि मोटर २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्यांवर चालणारी घेतली. वीज गेली तरी फाटक काही वेळा उघडते-मिटते.

काही वेळाच. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आम्ही विसरलेलो नाही. त्या वेळी दापोली-मंडणगडाकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, बागा आडव्या झाल्या होत्या, आणि जो तो कोयता घेऊन वाट मोकळी करीत होता. असल्या दिवसांसाठी मोटरीला एक किल्ली असते. ती फिरवली की दाते सुटतात आणि फाटक हाताने सरकते. ही किल्ली कोणाकडे ठेवायची यावर आमच्याकडे संध्याकाळभर चर्चा झाली. रिमोट पाच जणांकडे : मी, सौ., बंधू, वहिनी आणि पुतण्या. किल्ली मात्र आबांकडे. म्हणजे बटणे आमची आणि फाटक आबांचे, असे पुतण्या म्हणाला. पोराचे शब्द कधीकधी नेमके बसतात.

एका बाबतीत मी काटकसर करू दिली नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये एकाच आठवड्यात दोन लहान मुली विजेच्या सरकत्या फाटकांत सापडून दगावल्या. एक सहा वर्षांची, एक पाच. फाटक कोणाला मुद्दाम मारीत नाही. मध्ये लाकूड आहे की मूल आहे हे त्याला कळत नाही, एवढेच. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना न दिसणाऱ्या किरणांचे डोळे बसवतात. किरण तुटला की मिटते फाटक उलट फिरते. आम्ही ते दोन उंचीवर बसवून घेतले, एक मोटरीसाठी आणि एक गुडघ्याइतक्या उंचीवर, रांगते मूल आणि वासरू यांच्यासाठी. फाटकाचे गज खांबाशेजारून सरकताना मधल्या फटीत हात अडकू शकतो, म्हणून तिथे बारीक जाळी मारली. आणि अडथळा लागताच मोटरीने जोर सोडून मागे फिरावे, याची परीक्षा मिस्त्रींनी खोक्याचा पुठ्ठा मध्ये धरून तीनतीनदा घेतली. तुमच्या सोसायटीत असे फाटक असेल तर रविवारी सकाळी पुठ्ठा घेऊन खाली उतरा. शेजारी हसतील, हसू द्यावे.

इथवर सगळे पैशाने आणि पान्याने सुटणारे होते. पुढचा पेच तसा नव्हता.

आमच्या फाटकातून आत येऊन, विहिरीच्या कडेने, खालच्या अंगाच्या भातखाचरांकडे एक पायवाट जाते. ती शेजारच्या काकींची. काकींच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांची गुरे, नांगर, पेरे, भाताचे भारे सगळे त्या वाटेने गेले आहे. बेडे होते तेव्हा काकी बांबू सरकवून जात, लोखंडी फाटक आले तेव्हा कडी काढून जाऊ लागल्या. आता कडीच राहणार नव्हती. आमचे बंधू स्वभावाने वाईट नाहीत, पण नकाशा बघून बोलतात. ते म्हणाले, “ओढ्याकडून दुसरी वाट आहे की! जरा वळसा पडेल.” तो जरासा वळसा म्हणजे ओढा ओलांडून अर्धा तास, डोक्यावर भारा घेऊन.

कायदा मला थोडा ठाऊक होता, तो मी बंधूंना ऐकवला. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून जिवंत आहे. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेत कोणी अडथळा घातला, तर सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते आणि तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतो. बांधावरून वाट मागण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेत, १४३ व्या कलमात आहे. बंधू गप्प झाले. पण खरे सांगायचे तर मला तहसीलदाराची भीती नव्हती. काकी तहसीलदाराकडे गेल्याच नसत्या. त्या एक शब्द न बोलता ओढ्याकडून गेल्या असत्या, आणि गणपतीत नेहमीप्रमाणे आमच्याकडे पातोळ्यांचा डबाही पाठवला असता. त्या पातोळ्या माझ्या घशाखाली कशा उतरल्या असत्या?

मी त्यांच्याकडे गेलो. पडवीत बसून सगळे समजावून सांगितले आणि सहावा रिमोट पुढे केला. काकींनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

“मला नको रे बाबा. मी एक वेळ बटण दाबीन. माझी गुरे कशी दाबणार?”

गुरे खरोखरच काकींच्या पुढे पन्नास पावले असतात. पुढे गुरे, मागे काकी, आणि हातातला रिमोट पदराच्या गाठीत!

तोड निघाली ती जुन्याच पद्धतीची. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर आपण सगळेच उभे राहिलेले आहोत. हत्तीला धडक देता येऊ नये म्हणून कवाडांवर खिळे आहेत, पण त्याच कवाडात माणूस जाईल एवढी दिंडीही आहे. पेशव्यांनाही रोजच्या येण्याजाण्यासाठी आख्खा दरवाजा उघडणे परवडत नव्हते. आम्ही मोठ्या फाटकाशेजारी गडगा फोडून तीन-साडेतीन फुटांची कवाडी केली, एक गाय सुखाने जाईल एवढी. तिला साखळी बांधली, साखळी कप्पीवरून नेली आणि टोकाला एक धोंडा लोंबकळत ठेवला. कवाडी ढकलली की धोंडा वर जातो, सोडली की खाली येतो आणि कवाडी मिटते. वीज नको, बॅटरी नको, रिमोट नको. काकींच्या पुढच्या गाईने दुसऱ्याच दिवशी ती शिंगाने ढकलायला शिकून घेतली. रानडुकरालाही ती विद्या येईल म्हणून रात्री तिला आतून खिट्टी.

आणि मोठे फाटक? तेही दिवसा उघडेच ठेवायचे असे ठरले. सुगीत भाताचा टेंपो येतो, पोस्टमन येतो, गॅसवाला येतो. उजाडताच उघडायचे आणि दिवेलागणीला मिटायचे, अशी वेळ मोटरीला लावून देता येते. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला मिटत असत आणि म्हणून हिरकणीला कडा उतरावा लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती ऐकताना माझे लक्ष नेहमी त्या पहारेकऱ्यांकडे जाते. हुकूम पाळणारी माणसे होती ती, चुकली असे म्हणता येत नाही. पण दरवाजा मिटताना अजून कोण आत राहिले आहे, कोण बाहेर, हे बघणारा एकही डोळा तिथे नव्हता. म्हणून आमच्या फाटकावर एक साधी घंटा आहे. रात्री कोणी बाहेर अडकले तर दोरी ओढावी. घरात ऐकू येते.

घरात ऐकायला अर्थात कोणीतरी हवे. फाटक सुरू झाले त्या दिवशी बंधूंनी हळूच मला बाजूला घेतले. आता फाटक आपोआप, दिवे आपोआप, मग राखणीचा पगार कशाला, असा त्यांचा हिशेब. तो आबांपर्यंत कसा पोचला कोणास ठाऊक, पण रात्री आबांनी जेवणानंतर किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली. “आता माझे काम काय उरले?” असे त्यांनी विचारले, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागले. सौ. आतून आली. म्हणाली, “आबा, फाटक उघडायला तुम्ही कधी ठेवलेच नव्हते. हॉर्न वाजवायची सवय आम्हाला लागली होती.” मग बंधूंकडे वळून तिने विचारले की किरणांच्या डोळ्यांवर कोळ्याने जाळे विणले आणि फाटक मिटेना झाले, तर पुण्याहून कोण येणार? बंधूंनी सुपारी घेतली. पगाराचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

आणि जाळे खरोखरच विणले जाते. पावसाचे थेंब, धुके, कोळी, काहीही त्या काचेवर बसले की फाटक उघडे ते उघडेच. दाते कोरडे पडतात. खारी हवा खिळे खाते, म्हणून खिळे न गंजणाऱ्या पोलादाचे घेतले तरी नजर ठेवावी लागते. मोटरीच्या पेटीत उबेला मुंग्या येतात, तारेच्या नळीची तोंडे बुजवली नाहीत तर पाली येतात. किल्ली महिन्यातून एकदा फिरवली नाही तर ऐन वेळी फिरत नाही. वीज कडकडायला लागली की घरातला खटका बंद करायचा, मग वीजरोधक बसवलेला असला तरी. ही सगळी यादी मिस्त्रींनी आबांना तोंडी सांगितली आणि आबांनी ती कॅलेंडरवर, गॅस आल्याच्या तारखांशेजारी, स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवली आहे. खाली उतरतात ते आता दिवसा, उजेडात, काठी घेऊन.

दसऱ्यानंतर फोन केला, शनिवारी येतोय म्हणून. आबा म्हणाले, “या. ग्रीसचा डबा संपलाय तो आणा. मऊ फडकी आणा, काच पुसायला. आणि डांबराच्या गोळ्या विसरू नका. पालीने पेटीत पुन्हा अंडी घातलीत.”